परतीची दिशा

आमच्या शाळेत भूगोलाच्या तासाला जो जगाचा नकाशा भिंतीवर टांगला जातो, त्याच्या कडा उंदरांनी कुरतडल्या आहेत आणि ग्रीनलंड त्यावर जवळजवळ आफ्रिकेएवढे दिसते. ग्रीनलंडचा हा फुगवटा खोटा असतो हे मी दरवर्षी मुलांना सांगत आलो. नकाशातले आणखीही काही खोटे असू शकते, हे मात्र मला एका मुलाने शिकवले.

गोष्ट सहा-सात वर्षांपूर्वीची. सातवीच्या वर्गात दिशा आणि उपदिशा शिकवून झाल्या होत्या. तास संपायला पाच मिनिटे उरली, म्हणून मी म्हटले, "विचारा काय विचारायचे ते." मागच्या बाकावरचा एक मुलगा उभा राहिला. त्याचे वडील बोटीवर. रत्नागिरीच्या आसपासच्या आमच्या खाडीकाठच्या गावांत, विशेषतः मुसलमान वस्तीत, चार घरांआड एक माणूस बोटीवर असतोच. मुलगा म्हणाला, "गुरुजी, वडिलांची बोट न्यूयॉर्कला लागलीय. तिथून मक्का कुठल्या अंगाला?"

यात अवघड ते काय? मी हातभर लांब फूटपट्टी घेतली, तिचे एक टोक न्यूयॉर्कवर आणि दुसरे मक्केवर टेकवले आणि सांगून टाकले, "पूर्वेला. जरा दक्षिणेकडे झुकून." घंटा झाली.

आठ दिवसांनी तोच मुलगा माझ्या टेबलाशी येऊन घुटमळू लागला. गुरुजी चुकले असे म्हणण्याची आमच्याकडे रीत नाही. त्याने भीत भीत एवढेच सांगितले, की वडिलांचा फोन आला होता. तिथल्या मशिदीत सगळे ईशान्येकडे तोंड करून उभे राहतात. मी विचारले, "मग तुझ्या वडिलांनी काय केले?" तो म्हणाला, "आधी दोन दिवस तुम्ही सांगितलेल्या बाजूला नमाज पढले."

मी त्या रात्री नीट झोपलो नाही. परीक्षेत चुकलेले गणित पुन्हा सोडवता येते. पण परमुलखात, बोटीच्या लोखंडी कोठडीत, एक माणूस माझ्या फूटपट्टीवर विश्वास ठेवून दिवसातून पाच वेळा उभा राहिला होता.

दुसऱ्या दिवशी कपाटातला पृथ्वीगोल काढला, पुसला आणि एक दोरा घेतला. दोऱ्याचे एक टोक न्यूयॉर्कवर बोटाने दाबून धरले, दुसरे मक्केवर, आणि दोरा ताणला. ताणलेला दोरा गोलावरून सर्वांत जवळची वाट शोधतो. तो न्यूयॉर्कहून सरळ ईशान्येकडे निघाला, अटलांटिकवर चढत गेला, फ्रान्सवरून उतरला आणि इजिप्त ओलांडून मक्केला पोचला. न्यूयॉर्कपाशी त्याने उत्तर दिशेशी केलेला कोन सुमारे ५८ अंशांचा. माझ्या फूटपट्टीचा कोन होता सुमारे १०१ अंशांचा. चूक ४३ अंशांची! घरात पृथ्वीगोल नसेल त्यांनी मुलांचा रबरी चेंडू घ्यावा, शाईचे दोन ठिपके करावेत आणि दोरा ताणून पाहावा. दिवाळीच्या सुट्टीत एवढा उद्योग करायला हरकत नाही.

भिंतीवरचा तो नकाशा मर्केटर नावाच्या गृहस्थाने १५६९ साली शोधलेल्या पद्धतीचा. तो खलाशांसाठी होता. होकायंत्राचा काटा एकाच कोनात धरून बोट हाकत गेले तर तिची वाट या नकाशावर सरळ रेघ दिसते, हा त्याचा गुण. पण ती सरळ रेघ म्हणजे जवळची वाट नव्हे, आणि समोरच्या ठिकाणाकडे रोखलेली नजरही नव्हे. मर्केटरने ज्या प्रश्नाचे उत्तर दिले तो प्रश्नच निराळा. मी त्याला भलताच प्रश्न विचारला होता.

दोऱ्याने दुसरीही एक गोष्ट दाखवली, आणि ती मला त्याहून चमत्कारिक वाटली. मी दोरा मुंबई आणि मक्का यांच्यामध्ये ताणला. मक्केपाशी पाहिले, तर मुंबई तेथून जवळजवळ बरोबर पूर्वेला. दीड अंशाचासुद्धा फरक नाही. म्हणजे मुंबईहून मक्का बरोबर पश्चिमेला असणार, असे कोणीही म्हणेल. आपल्याकडच्या कितीतरी जुन्या मशिदी सरळ पश्चिमेला तोंड करून बांधलेल्या आहेतच. पण दोऱ्याचे मुंबईकडचे टोक सांगते, की मक्का पश्चिमेपासून दहा अंश उत्तरेकडे आहे. त्याचे कारण असे की पूर्व-पश्चिम ठरते ती उत्तर ध्रुवावरून, आणि मुंबईहून ध्रुवाकडे जाणारी रेषा व मक्केहून ध्रुवाकडे जाणारी रेषा या समांतर नाहीत. त्या ध्रुवाशी एकमेकींना भेटतात. म्हणून जाण्याची दिशा उलटी केली की परतीची दिशा मिळते, हा आपला सपाट जमिनीवरचा हिशेब गोल पृथ्वीवर चालत नाही.

आता नकाशे काढणाऱ्यांपुढचा प्रश्न लक्षात येईल. एखादे ठिकाण मध्ये धरून तेथून बाकीच्या जगाच्या दिशा बरोबर दाखवणारे नकाशे पुष्कळ आहेत. संयुक्त राष्ट्रांच्या निळ्या झेंड्यावरचा नकाशा त्याच जातीचा. त्याच्या मधोमध उत्तर ध्रुव आहे. हा झाला घरी बसलेल्या माणसाचा नकाशा: माझ्यापासून कोण कुठे आहे? बाहेर पडलेल्या माणसाचा प्रश्न त्याच्या उलट: मी जिथे कुठे आहे, तेथून ते एक ठिकाण कुठे आहे? पहिल्या प्रश्नाचा नकाशा दुसऱ्याच्या उपयोगी नाही. आणि दुसऱ्या प्रश्नाची गरज सर्वांत आधी, सर्वांत जास्त आणि रोज पडली ती मुसलमान जगाला. नमाजाच्या या दिशेला किब्ला म्हणतात.

प्रारंभीच्या काळी ही दिशा लोक सूर्याच्या उदयास्तांवरून, ताऱ्यांवरून, वाडवडिलांच्या रीतीवरून ठरवीत. नवव्या शतकापासून बगदादच्या ज्योतिषांनी तिचे गणित मांडायला घेतले. त्या गणितातली मुख्य वस्तू, कोनाची 'ज्या', त्यांच्याकडे गेली होती आपल्या देशातून. संस्कृतातली ज्या किंवा जीवा अरबीत जाऊन 'जैब' झाली, जैबचे लॅटिन भाषांतर 'सायनस' झाले, आणि त्याचा 'साइन' होऊन तो मॅट्रिकच्या वर्गात आमच्या मानगुटीवर बसला. माझे स्वतःचे गणित तिथेच थांबले आहे, हे वाचकांना आधीच सांगून ठेवतो.

या मंडळींत मला सर्वांत जवळचा वाटतो तो अल बिरूनी. गझनीच्या महमुदाचे नाव आपल्याकडे शाळकरी पोरालाही ठाऊक असते. त्याच्या पदरी हा विद्वान होता, आणि त्याने हिंदुस्थानावर लिहिलेला ग्रंथ प्रसिद्धच आहे. पण १०२५ साली पुरा केलेल्या 'तहदीद' या दुसऱ्या ग्रंथात त्याने एकच प्रश्न धसाला लावला: गझनीहून मक्का नेमकी कोणत्या दिशेला? त्यासाठी दोन्ही गावांचे अक्षांश हवेत आणि दोन्हींच्या रेखांशांतला फरक हवा. अक्षांश सूर्याच्या उंचीवरून कळतो. रेखांश मात्र महाकठीण, कारण तेथे दोन गावांच्या वेळांतला फरक लागतो आणि त्या काळी एका गावची वेळ दुसऱ्या गावी कळणार कशी? तरुणपणी, ९९७ साली, बिरूनीने ख्वारिझममध्ये आणि अबुल वफा या ज्योतिषाने बगदादेत एकच चंद्रग्रहण आगाऊ ठरवून पाहिले होते आणि वेळा ताडून रेखांशांतला फरक काढला होता. चंद्र हेच त्यांचे घड्याळ. गझनीसाठी त्याने बगदादपासून गावोगावच्या काफिल्यांच्या वाटांची अंतरे गोळा केली आणि एकेका टप्प्याचा हिशेब करीत तो पुढे सरकला.

१०१८ च्या ऑक्टोबरात तो काबूलजवळच्या एका खेड्यात होता. मनःस्थिती वाईट आणि जवळ एकही यंत्र नाही. त्याने हिशेबाची पाटी उलटी केली, तिच्या पाठीवर वर्तुळाचा तुकडा आखला, त्यावर अंश पाडले, ओळंबा सोडला आणि सूर्याची उंची मोजली. आमच्या शाळेत साहित्य नाही म्हणून प्रयोग होत नाहीत, असे मी कितीदा बोललो असेन! बिरूनीची ती पाटी वाचल्यापासून जीभ जरा आवरती घेतो.

पुढे चौदाव्या शतकात दमास्कसच्या मोठ्या मशिदीतल्या अल खलीली नावाच्या वेळ-अधिकाऱ्याने सगळ्यांची मेहनत वाचवली. त्याने कोष्टकच तयार केले. अक्षांश १० ते ५६, मक्केपासून रेखांशाचा फरक १ ते ६०, आणि प्रत्येक जोडीला किब्ल्याचा कोन, अंश आणि कला यांसह. जवळजवळ तीन हजार आकडे, आणि तेही हाताने केलेले! आपल्या पंचांगकर्त्यांना या कामाचा घाम ओळखता येईल.

पण कोष्टक म्हणजे नकाशा नव्हे. सामान्य माणसाला बोट ठेवून दिशा सांगणारा कागद हवा असतो. तो काढला एका स्कॉटिश माणसाने.

जेम्स आयर्लंड क्रेग याचा जन्म १८६८ चा. केंब्रिजला गणित शिकून त्याने आधी इंग्लंडात शाळामास्तरकी केली (हे वाचून मला उगीचच बरे वाटले), आणि मग तो इजिप्तच्या सर्वेक्षण खात्यात गेला. १९०९ च्या सुमारास त्याने कैरोत एक नकाशा काढला. त्याला 'मक्का प्रक्षेपण' असे नाव पडले. या नकाशावर आपल्या गावावर बोट ठेवायचे, तेथून मक्केपर्यंत पट्टीने सरळ रेघ मारायची, आणि त्या रेघेने उभ्या रेषेशी केलेला कोन मोजायचा. तीच किब्ल्याची दिशा. माझी फूटपट्टी ज्यावर बरोबर ठरली असती असा हा नकाशा.

त्याची युक्ती समजली तेव्हा मी चकित झालो, इतकी ती साधी आहे. सगळी रेखावृत्ते सारख्या अंतराने उभ्या सरळ रेघा म्हणून काढायची. एका रेघेवर मक्का. आता मुंबई घ्या. ती कोणत्या उभ्या रेघेवर पडणार हे तिच्या रेखांशाने ठरलेलेच आहे. किती वर किंवा किती खाली, एवढेच ठरवायचे. मुंबईहून मक्का उत्तर दिशेपासून ८० अंश पश्चिमेला, हे गणिताने काढले. मग मक्केतून त्या कोनाची तिरपी रेघ मागे ओढायची; ती मुंबईच्या उभ्या रेघेला जिथे छेदील तिथे मुंबई. गाव दिशेच्या मागे येते, दिशा गावाच्या मागे जात नाही. असे एकेक ठिकाण बसवत गेले की देशांचे आकार वाकडेतिकडे होतात, अंतरे बिघडतात, क्षेत्रफळांचे तर विचारूच नका. नकाशाने एक गोष्ट खरी सांगायचे ठरवले म्हणजे बाकीच्या पुष्कळ गोष्टींवर पाणी सोडावे लागते.

क्रेग इजिप्तमध्येच राहिला आणि म्हातारा झाला. १९५२ च्या जानेवारीत सुवेझ कालव्याच्या काठी इस्माइलिया येथे ब्रिटिश फौजेने इजिप्शियन पोलिसांच्या ठाण्यावर हल्ला केला आणि सुमारे ५० पोलीस मारले. दुसऱ्या दिवशी, २६ जानेवारीला, कैरो पेटले. जमावाने इंग्रजांचा टर्फ क्लब जाळला. त्यात जे मेले त्यांत ८३ वर्षांचा क्रेग होता. ज्यांना प्रार्थनेची दिशा दाखवण्यासाठी त्याने नकाशा काढला, त्यांच्याच शहरात हे घडले. यात कोणाचा न्याय करायचा? जमावाला समोर दिसत होता फक्त एक इंग्रज साहेब, आणि आदल्या दिवशीची ५० प्रेते ताजी होती. मी कादंबऱ्या लिहितो. पण हा शेवट मी लिहिला असता तर संपादकांनी तो ओढूनताणून आणलेला म्हणून परत पाठवला असता.

क्रेग गेला तेव्हा असा नकाशा प्रथम आपणच काढला या समजुतीत गेला असावा; विद्वानांचीही समजूत तशीच होती. १९८९ साली लंडनमध्ये विक्रीसाठी पितळेची एक गोल तबकडी आली. तबकडी इराणात, सतराव्या शतकाच्या अखेरीच्या सुमारास घडवलेली. मध्यावर मक्का, रेखांशाच्या उभ्या सरळ रेघा, अक्षांशांच्या वाकलेल्या, आणि शेदीडशे गावांची नावे कोरलेली. मक्केच्या बिंदूवर खिळवलेली एक फिरती पट्टी. ती आपल्या गावावर आणावी, की तबकडीच्या काठावर दिशा वाचता येते आणि खुद्द पट्टीवर अंतर! क्रेगच्या नकाशात अंतर मिळत नाही. १९९५ मध्ये तशीच दुसरी तबकडी सापडली. डेव्हिड किंग या संशोधकाने त्यांवर मोठा ग्रंथ लिहिला, आणि या तबकड्यांमागचे गणित कित्येक शतके आधीचे असावे असे मत मांडले. कोणा कारागिराने ती घडवली, कोणा व्यापाऱ्याने ती खुर्जीत घालून नेली, आणि पुढे तिचा उपयोगच कोणाच्या ध्यानात राहिला नाही.

गैरसमज मात्र माझ्या एकट्याचा नव्हता, एवढे समाधान मला वॉशिंग्टनच्या मशिदीने दिले. १९५७ मध्ये उघडलेली ही मशीद बांधली जात असतानाच, १९५३ साली, काही जाणत्यांना शंका आली होती: मक्का तर आग्नेयेकडे, आणि ही इमारत ईशान्येकडे पाहते आहे! पुन्हा हिशेब झाला. उत्तरेपासून पूर्वेकडे साडेछप्पन अंश, हाच कोन बरोबर निघाला. राजदूतांनीही माझ्यासारखीच मनातली फूटपट्टी लावली होती.

हा प्रश्न केवळ धर्माचा आहे असे मात्र नव्हे. आपल्या पुण्याजवळ तो एकदा निराळ्या वेषात येऊन गेला. १९२७ साली हिंदुस्थान आणि इंग्लंड यांच्यामध्ये झोतासारख्या रोखलेल्या बिनतारी लहरींची तारसेवा सुरू झाली. आपल्याकडून संदेश सुटत खडकीहून आणि तिकडचे ऐकले जात दौंडला. लहरी चहूकडे न उधळता एकाच दिशेला फेकायच्या, म्हणजे खांबांची रांग नेमक्या कोनात उभी करायला हवी. मर्केटरच्या नकाशावर खडकीहून इंग्लंड उत्तरेपासून ५९ अंश पश्चिमेकडे दिसते. खरा कोन आहे ३९ अंशांचा. लहरी जवळच्या वाटेने जातात: इराण, कास्पियन समुद्र, कॉकेशस, युक्रेन अशा. कोणी भिंतीवरच्या नकाशावर विसंबून खांब रोवले असते, तर इंग्लंडइतक्या अंतरावर पोचेपर्यंत तो झोत अल्जीरियावर जाऊन पडला असता. आणि परतीची गंमत पाहा: इंग्लंडहून पुणे जवळजवळ बरोबर पूर्वेला आहे!

पुढे १९२९ साली लंडनच्या रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीतल्या रीव्हज यांनी एक नकाशा प्रसिद्ध केला. जगाच्या कोणत्याही भागातून रग्बी कोणत्या दिशेला, हे त्यात दाखवले होते. रग्बी म्हणजे इंग्लंडचे मोठे बिनतारी केंद्र. जातकुळी मक्का-नकाशाचीच, फक्त मक्केच्या जागी एक खांबांचे रान.

हे सगळे वाचून झाल्यावर मी त्या मुलाला बोलावले. तो एव्हाना नववीत गेला होता. मी म्हटले, "मक्केचा नकाशा लोकांनी काढून ठेवला आहे. आणि किब्ला तर आता फोनही दाखवतो. आपण रत्नागिरीचा काढू." त्याचे आणखी चार मित्र जमले. प्रत्येकाचे कोणी ना कोणी बाहेर. दिवाळीच्या सुट्टीत, सकाळचा फराळ आटोपून, आम्ही भूगोलाच्या खोलीत ड्रॉइंगचा मोठा कागद पसरला. एका सेंटिमीटरला दहा अंश असे प्रमाण धरले. साइनची कोष्टके माझ्या जुन्या पुस्तकात होती. गुणाकार मुलांनी केले आणि दोनदा माझेच चुकलेले काढून दाखवले.

दुबई आली रत्नागिरीच्या डावीकडे पावणेदोन सेंटिमीटरांवर, थोडी वर. कुवेत तिच्या पलीकडे. डरबान खाली चार सेंटिमीटर. लंडनने मौज केली: ते वर युरोपात जाईल अशी मुलांची अपेक्षा, आणि ते आले सात सेंटिमीटर डावीकडे, जवळजवळ रत्नागिरीच्याच ओळीत. लंडनहून आम्ही पूर्वेला ना, मग दुसरीकडे ते जाणार कुठे! एकाची मोठी बहीण लंडनला असते. त्याने ठिपक्यापाशी तिचे नाव लिहिले.

मग न्यूयॉर्कची पाळी. न्यूयॉर्कहून रत्नागिरी उत्तरेपासून ३५ अंश पूर्वेकडे. म्हणजे न्यूयॉर्कच्या उभ्या रेघेवर आम्हांला रत्नागिरीतून तिरपी रेघ मागे, खाली ओढायची. ती खाली खाली गेली, डरबान ओलांडून गेली, आफ्रिकेचे टोक मागे टाकून गेली आणि कागद संपला. हिशेब २१ सेंटिमीटर खाली सांगत होता. उत्तर गोलार्धातले शहर, आणि दक्षिण ध्रुवाच्या अंगाला! पाचही पोरे माझ्याकडे पाहू लागली. मी पुन्हा हिशेब केला, पृथ्वीगोलावर पुन्हा दोरा ताणला. कोन बरोबर होता. या जातीच्या नकाशाचा हा स्वभावच आहे: मधल्या ठिकाणापासून रेखांशाचे ९० अंश ओलांडले की जग स्वतःवरच दुमडू लागते आणि जमिनी भलत्या जागी येऊन पडतात. क्रेगने आपला नकाशा त्या हद्दीच्या आतच ठेवला होता.

मुलगा म्हणाला, "गुरुजी, दिशा बरोबर आहे ना? मग खाली कागद जोडू."

गोंद नव्हता. शिपाईमामांनी घरून भाताची खळ करून आणली. खालच्या जोडकागदाच्या डाव्या अंगाला, कोऱ्या समुद्रात, एकच ठिपका आहे. रत्नागिरीहून तिथपर्यंत ओढलेली लाल रेघ जोडाच्या सुरकुतीवर जरा थरथरली आहे.